‘निकृष्ट’ लिहिण्याआधी: गावातल्या कामाची तक्रार करणाऱ्यांसाठी एका विशेषणाची ओळख

आमच्या गल्लीत नवी सिमेंटची नाली झाली. तीन महिन्यांतच तिचे काठ भाकरीच्या कडेसारखे मोडायला लागले. शेजारचा पोरगा तावातावानं अर्ज टाइप करून माझ्याकडे घेऊन आला. "सर, जरा शुद्धलेखन बघा."

अर्जात लिहिलं होतं, ‘सदर काम अत्यंत निकृष्ठ, बोगस, अर्धवट व भ्रष्ट स्वरूपाचे असून गुत्तेदारावर कडक कारवाई व्हावी.’ (गुत्तेदार म्हणजे आमच्याकडं कंत्राटदार.) मी जन्मभर मराठी शिकवलेलं, त्यामुळे डोळा आधी ‘निकृष्ठ’मधल्या ठ वर गेला. तेवढा खोडून ट केला नि कागद परत दिला. दीड महिन्यानं उत्तर आलं, एका ओळीचं. ‘सदर काम अंदाजपत्रकातील तरतुदीनुसार झालेले असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

चूक माझीच. ठ बघितला, विशेषणं बघितली नाहीत. त्या एका वाक्यात पोरानं तीन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींच्या अंगावर घातल्या होत्या. काम बोगस म्हणजे ते झालंच नाही. अर्धवट म्हणजे थोडं झालं, थोडं राहिलं. निकृष्ट म्हणजे झालं, पण हलकं झालं. तिन्ही एकदम खरं कसं असेल? वाचणाऱ्या साहेबाला एवढी फट पुरते.

तेव्हापासून अर्ज घेऊन येणाऱ्याला मी आधी बसवतो आणि ‘निकृष्ट’ या शब्दापासून सुरुवात करतो. तीच शिकवणी इथं लिहून काढतोय.

आधी शब्द उकलून बघा

‘निकृष्ट’च्या पोटात संस्कृतातला ‘कृष्’ हा धातू आहे. कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं. ‘कृषी’ त्यातूनच आली, ‘आकर्षण’ आणि ‘उत्कर्ष’सुद्धा. ‘उत्’ लागला की वर ओढलेलं, ते उत्कृष्ट. ‘नि’ लागला की खाली ओढलेलं, ते निकृष्ट. जे काम एका ठरलेल्या पातळीवर असायला हवं होतं, ते तिच्या खाली ओढलं गेलंय, असा त्याचा अर्थ.

या ‘खाली’तच सगळी गोम आहे. खाली म्हणजे कशाच्या खाली? वरची रेघ दाखवल्याशिवाय खाली म्हणता येत नाही. ‘रस्ता उखडला’ हे डोळ्यांना दिसतं. ‘रस्ता निकृष्ट आहे’ हे म्हणायला तुलना लागते, आणि सरकारी कामात ती रेघ अंदाजपत्रकात, निविदेच्या अटींत आणि तांत्रिक मानकांत आखून ठेवलेली असते. गावातला माणूस अर्जात राग लिहितो. साहेब त्या अर्जात रेघ शोधतो. रेघ सापडली नाही की अर्ज निकाली.

मग शब्द नीट लिहा

निकृष्ट. शेवटी ट. ठ का नाही, याचं उत्तर सोपं आहे. श्रेष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ, कनिष्ठ या शब्दांना ‘सगळ्यांत जास्त’ सांगणारा ‘इष्ठ’ प्रत्यय लागलेला आहे, म्हणून तिथं ठ. नष्ट, दुष्ट, पुष्ट, उत्कृष्ट, निकृष्ट ही धातूला ‘त’ लागून झालेली रूपं. ष च्या शेजारी त चा ट होतो. लक्षात ठेवायला मी पोरांना सांगतो, कनिष्ठ अभियंत्याला ठ, त्यानं करवून घेतलेल्या निकृष्ट कामाला ट. (कनिष्ठ अभियंत्यांनी राग मानू नये. पाठ होतं म्हणून सांगतो.) ‘निक्रुष्ट’ही चूक, क ला ऋकार, र नव्हे.

व्याकरणात हे अविकारी विशेषण आहे. चांगला रस्ता, चांगली नाली, चांगलं काम असं ‘चांगला’ बदलतो. ‘निकृष्ट’ कुणापुढं बदलत नाही. निकृष्ट रस्ता, निकृष्ट नाली, निकृष्ट कामं. पण अर्जात मी ‘निकृष्ट दर्जाचे काम’ असंच लिहायला लावतो. नुसतं ‘निकृष्ट काम’ म्हटलं की ‘नीच काम’ असाही वास येतो, कारण हा शब्द माणसाच्या वागणुकीलाही लागतो. ‘दर्जाचे’ जोडलं की रोख दर्जावर जातो आणि दर्जा मोजता येतो. शिवाय बदल ‘दर्जा’ पेलतो: निकृष्ट दर्जाचा पूल, दर्जाची नाली, दर्जाचे डांबरीकरण.

‘अत्यंत निकृष्ट’, ‘अतिशय निकृष्ट’ हे टाळा. क्रियाविशेषणानं वजन वाढतं असं वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यात फक्त चढलेला आवाज ऐकू येतो.

आता खरी निवड: हेच विशेषण का?

या पायरीवर घाई करू नका. एकेका विशेषणामागं वेगळा कागद उभा असतो. विशेषण चुकलं की तुम्ही चुकीचा कागद मागता, आणि चुकीचा कागद बिनचूक मिळतो.

काम जमिनीवर नाहीच, पण बिल निघालं, तर ते ‘कागदोपत्री’ किंवा ‘बोगस’. तिथं निकृष्ट लिहिणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. निकृष्ट म्हटलं की काम झाल्याचं तुम्हीच कबूल केलंत. अशा वेळी मोजमाप पुस्तिका मागायची, जिला सगळे एम.बी. म्हणतात. कुठून कुठपर्यंत किती लांबीचं काम मोजलं ते तिच्यात असतं. ती घेऊन त्या जागेवर जाऊन उभं राहायचं.

काम सुरू होऊन थांबलं असेल तर ‘रखडलेले’. त्यासाठी कार्यारंभ आदेश, म्हणजे वर्क ऑर्डर, आणि तिच्यातली मुदत. मुदत संपली असेल तरच रखडलेलं. संपली नसेल तर ते नुसतं सुरू असलेलं काम. थोडं करून पूर्ण दाखवलं असेल तर ‘अपूर्ण’, आणि मग पूर्णत्वाचा दाखला मागा. ‘अर्धवट’ बोलायला ठीक आहे, पण त्यात अर्ध्याचा हिशेब ऐकू येतो आणि कुणीतरी विचारतंच, अर्धं म्हणजे किती मीटर?

‘सदोष’ हा शब्द लोक फारसा वापरत नाहीत, खरं तर तो फार कामाचा आहे. काम पूर्ण झाल्यावर ठरावीक काळात दोष निघाला तर गुत्तेदारानं स्वतःच्या खर्चानं तो दुरुस्त करायचा असतो. त्या काळाला दोष दायित्व कालावधी म्हणतात आणि तो करारात लिहिलेला असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची देखभाल बांधकामानंतर पाच वर्षं त्याच गुत्तेदाराकडं असते, आणि तसा फलक रस्त्याच्या तोंडाशी लावलेला असतो. फलकावरची तारीख बघा. मुदत शिल्लक असेल तर ‘निकृष्ट’ सिद्ध करायची दगदग करूच नका. ‘दोष दायित्व कालावधीत रस्ता सदोष आढळला आहे, करारानुसार दुरुस्ती करून घ्यावी’ एवढं लिहा. भांडण न करता खड्डे बुजतात. पोरांना हे आवडत नाही, त्यांना भांडायचं असतं.

‘जीर्ण’ आणि ‘निकृष्ट’ यांची गल्लत तर आपल्याकडं रोजची. जायकवाडी धरणाचं भूमिपूजन १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधींनी केलं. एवढ्या वर्षांनी कालव्याचं अस्तर फुटलं आणि पाणी झिरपायला लागलं, तर ते जीर्ण. त्याच कालव्याचं अस्तरीकरण मागच्या वर्षी झालं आणि यंदा ढलप्या निघाल्या, तर निकृष्ट असण्याचा संशय. वयाचा दोष वेगळा आणि हाताचा दोष वेगळा.

याला लागून आमच्या मराठवाड्यातलं एक खास विशेषण आहे, ‘निजामकालीन’. जुन्या पुलाला लावलं तर कौतुक: "निजामकालीन हाय, अजून हलंना." शाळेच्या खोलीला लावलं तर तक्रार: "निजामकालीन खोलीत पोरं बसवलालेत." विशेषण एकच, पण वाक्यातल्या जागेनं त्याचा भाव फिरतो.

बोलण्यातले शब्द बोलण्यातच ठेवा. थातूरमातूर, चालू काम, मलमपट्टी, गुंडाळलेलं काम, हे पारावर फार छान वाटतात. अर्जात त्यांना पाय नाहीत. ‘सुमार’ मात्र जपून वापरा. सुमार म्हणजे मध्यमापेक्षा खालचं, पण निकृष्टाच्या वरचं. पास होण्यापुरते गुण मिळालेल्या पोराला सुमार म्हणतात, नापास झालेल्याला नाही. कामाला सुमार म्हटलंत तर तुम्ही त्याला पास केलंत.

एक अडचण, जी कुणी सांगत नाही

फुटलेला प्रत्येक रस्ता निकृष्ट नसतो. मराठवाड्यात तर हे आधी समजून घ्यायला हवं, कारण आपली काळी माती. ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तशाच रस्त्याच्या पोटातही पडतात. म्हणून अशा जमिनीवर आधी मुरमाचा चांगला थर, नीट दबाई आणि दोन्ही बाजूंनी पाणी काढून देणारी चर लागते. हे अंदाजपत्रकातच धरलेलं नसेल आणि गुत्तेदारानं अंदाजपत्रकाप्रमाणे काम केलं असेल, तर दोष कामाचा नाही, आराखड्याचा. तिथं लिहायचं ‘अपुऱ्या तरतुदीचे’ किंवा ‘सदोष आराखड्याचे’. ग्रामीण रस्त्यावरून हंगामभर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जात असतील तर तेही अर्जात प्रामाणिकपणे नोंदवा. लपवलंत तर समोरचा तेच पुढं करील.

रेघ मिळवा: कागद मागणं

माहिती अधिकार कायदा २००५ चा. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये लागतात, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो; दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ही मर्यादा मला तरी वरदान वाटते. दीडशे शब्दांत चार विशेषणांना जागाच उरत नाही.

‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. मागायचे कागद नावानं मागा: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, गुणनियंत्रणाचे चाचणी अहवाल, अंतिम देयक. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं (इथं हा शब्द बसतो), तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं पहिलं अपील. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. आपल्यासाठी आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.

या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. माहितीच्या अधिकारात नुसते कागद येत नाहीत. कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही त्याच व्याख्येत लिहिलेलं आहे. म्हणजे ‘सदर कामाची प्रत्यक्ष पाहणी व वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मिळावा’ असं रीतसर मागता येतं. स्वतः मात्र कुदळ घेऊन रस्ता खोदू नका. तो सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा होईल आणि निकृष्ट काम बाजूला राहून तुमचीच चौकशी लागेल.

मोजा, पण न तोडता

हत्यारं फारशी लागत नाहीत. मोजपट्टी, मोबाइल, वही आणि एक जाणता मिस्तरी. आमच्या नालीच्या वेळी आमचे शेख मिस्तरी आले. त्यांनी खिशातून दुचाकीची किल्ली काढली आणि नालीच्या काठावर ओढली. पांढरी रेघ उमटली आणि भुकटी पडली. त्यांनी ती चिमटीत धरून चोळली. "सर, ह्यात वाळू कमी नि चुरी जास्त. आन् पाणी मारलंच नाही ह्याला."

"कामून म्हणता?"

"वरची साय निघून आलीया बगा. उन्हाचं टाकलं, उन्हातच सोडून दिलं."

त्यांचं बरोबर होतं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस ओल लागते, राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा. आपल्याकडं नाली, रस्ते होतात नेमके मार्च ते मे महिन्यांत, टँकर सुरू झालेले असतात तेव्हा. प्यायला पाणी नाही, काँक्रीटला कुठून मारणार, हा सवाल खराच आहे. पण त्यानं दर्जा सुधारत नाही.

किल्लीची रेघ हा पुरावा नव्हे, ती दिशा आहे. पुरावा म्हणजे आकडा. मोडलेल्या काठाशी जाडी दिसत होती, तिथं पट्टी लावून फोटो काढले, तेही पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाण कुणाच्या घरासमोर आहे ते लिहून. अंदाजपत्रकात भिंतीची जाडी दहा सेंटिमीटर होती. आमचे आकडे निघाले साडेसात, सात, आठ, सात, साडेसहा. रस्ता असेल तर कडेला थराची जाडी अशीच दिसते. रुंदी तीन-चार जागी मोजा. डांबराचा पातळ थर अंदाजपत्रकात बहुधा वीस मिलिमीटरचा असतो, तो कडेच्या तुटलेल्या तुकड्यावर सहज मोजता येतो.

काँक्रीटचं बळ आपल्याला मोजता येत नाही, पण ते मोजलेलं असायला हवं. काम चालू असताना त्याच मालातून पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरतात, ते पाण्यात ठेवून सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडतात. ‘एम २०’ काँक्रीटचं अठ्ठावीस दिवसांचं बळ चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन धरलेलं असतं. हे आकडे ज्या चाचणी अहवालात येतात तो हातात आल्याशिवाय बळाबद्दल एक शब्द लिहू नका. झालेल्या कामाची शंका असेल तर ‘कोअर काढून तपासणी करावी’ अशी मागणी करता येते. यंत्रानं काँक्रीटचा गोल गाभा काढतात. त्यात जाडीही कळते आणि बळही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशा चाचण्या होतात, म्हणून ‘त्रयस्थ संस्थेकडून’ हे दोन शब्द मागणीत घाला.

आता वाक्य लिहा

आता ‘निकृष्ट’ची जागा तयार झाली. पहिल्या अर्जात हा शब्द सुरुवातीला होता. दुसऱ्या अर्जात मी तो शेवटी नेला. आधी आकडे, मग विशेषण. आम्ही लिहिलं ते असं:

‘अंदाजपत्रकानुसार नालीच्या भिंतीची जाडी १० सें.मी. आहे. प्रत्यक्षात पाच ठिकाणी मोजली असता ती ६.५ ते ८ सें.मी. आढळली (फोटो व ठिकाणांची यादी सोबत). तीन महिन्यांत काठ सुटून भुकटी होत आहे. यावरून सदर काम सकृद्दर्शनी निकृष्ट दर्जाचे असल्याचे दिसते. अर्जदारांच्या समक्ष फेरमोजणी करावी व त्रयस्थ संस्थेकडून कोअर तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी.’

यातला ‘सकृद्दर्शनी’ म्हणजे पहिल्या नजरेत. कचेरीत सर्रास ‘सकृतदर्शनी’ लिहितात, पण संधीनं त चा द होतो. या शब्दामुळं तुम्ही निकाल देत नाही, संशय नोंदवता. निकाल द्यायचं काम तपासणीचं. ‘असल्याचे दिसते’ हेही त्याचसाठी. ‘आहेच’ म्हटलं आणि अहवाल उलटा आला तर अब्रूनुकसानीची नोटीस यायला वेळ लागत नाही.

विशेषण कामाला लावा, माणसाला नको. ‘निकृष्ट गुत्तेदार’, ‘भ्रष्ट अभियंता’ लिहिलं की विषय नालीवरून माणसावर सरकतो. ‘भ्रष्ट’ हा शब्द तर पैशाचा पुरावा हातात असल्याशिवाय काढूच नका. आणि ‘कडक कारवाई व्हावी’ या मागणीला काही अर्थ नाही, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कधी कळतच नाही. ‘माझ्यासमक्ष फेरमोजणी करावी’ ही झाली की झाली, नाही तर नाही.

अर्ज त्याच्या त्याच्या दारात द्या. फलकावर सार्वजनिक बांधकाम विभाग असेल तर कार्यकारी अभियंता, जिल्हा परिषद असेल तर तिचा बांधकाम विभाग, ग्रामपंचायतीनं केलं असेल तर गटविकास अधिकारी. पोहोच घेतल्याशिवाय उठू नका. उत्तर नाही आलं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथं पोहोचेची झेरॉक्स जोडून जा.

आमच्या दुसऱ्या अर्जावर महिन्याभरात साहेब टेप घेऊन आले. फेरमोजणी झाली, पंचनाम्यावर पोरानं सही केली. त्याच आठवड्यात माहिती अधिकारातले उरलेले कागदही टपालानं आले. पोरगा रात्री ते सगळे घेऊन ओट्यावर बसला. ठोकळ्यांचा चाचणी अहवाल बघून गोंधळला, "सर, ह्यात तर बळ बराबर भरलंय. मग आपण निकृष्ट म्हणलो ते चुकलं का?"

मी चष्मा लावला. अहवालावर ठोकळे भरल्याची तारीख होती चार मार्च. खालचा कागद ओढला, कार्यारंभ आदेश. त्यावर तारीख एकोणीस मार्च. काम सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधीच त्या कामाचे ठोकळे भरून झाले होते.

पोरानं दोन्ही तारखांवर बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं. "सर, नाली निकृष्ट. पण ह्या अहवालाला काय लिहायचं? बोगस?"

"हां," म्हटलं, "आता लिही."